हाक घालणारी रिपेका

माझी सासू रिपेका आमच्या बेटावर दोन गोष्टींसाठी ओळखली जायची. पहिली म्हणजे तिची सुरी. मासळीच्या कारखान्यात तिने अडतीस वर्षं कॉड कापला, आणि तिच्या शेजारी उभं राहायला तरुण बायकाही कां कूं करत. दुसरी म्हणजे तिची हाक.

सभाघरापुढच्या अंगणाशी पाहुणे आले की फाटकाबाहेर थांबतात. यजमानांकडची बाई त्यांना हाक घालते. ते ओरडणं नसतं आणि गाणंही नसतं. आधी आलेल्यांना बोलावायचं, मग त्यांच्याबरोबर आलेल्या त्यांच्या मेलेल्यांना बोलवायचं, कारण आमच्याकडे कुणी एकटं येत नाही असं मानतात. पाहुण्यांमधली एखादी बाई उलट हाक देते, आणि ते उत्तर आल्यावरच पाऊल आत पडतं. मी मुख्य भूमीवरच्या डनीडिन शहरातला गोरा माणूस, लग्न करून या बेटावर घरजावई झालेला. पहिल्यांदा रिपेकाची हाक ऐकली तेव्हा माझ्या दंडावर काटा उभा राहिला होता. तिला ते दिसलं. "जावईबापूंना थंडी वाजतेय, कुणी गोधडी द्या," असं ती चार माणसांत म्हणाली. त्यानंतर वीस वर्षं तिने मला सुखाने जेवू दिलं नाही.

या बाईने आयुष्यात एकदाच हाक घालायला नकार दिला. तिपेने नावाचा तिचा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा होता तेव्हा समुद्रातल्या सुळक्यापाशी त्याची शेवंड्यांची होडी बुडाली. त्याच्याबरोबरच्या दोघांची प्रेतं मिळाली, तिपेनेचं मिळालं नाही. सात दिवस वाट पाहून घरच्यांनी प्रेताऐवजी त्याचा फोटो सभाघराच्या फाटकाशी आणला. आई हाराता फोटो छातीशी धरून पावसात उभी राहिली आणि रिपेकाला म्हणाली, "घाल हाक."

"मी माणसांना हाक घालते, फोटोंना नाही," रिपेका म्हणाली. "तो आला की घालीन."

दोन तास फोटो फाटकाशी होता. रिपेका असताना दुसऱ्या बाईची छाती झाली नाही. शेवटी बाजूच्या दाराने, कुणी न बोलवता, तो फोटो आत नेऊन ठेवला. हाराता पुढे दोन वर्षांत लेकीशी एकच वाक्य बोलली, तेही मरताना: "तू त्याला दाराबाहेर ठेवलंस." हे सगळ्या बेटाला माहीत होतं. रिपेकाच्या तोंडावर मात्र कुणी कधी काढलं नाही.

त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली, तेव्हा अल्बट्रॉस आले. आले म्हणजे आणले. आमच्याकडचा हा लांब पंखांचा समुद्रपक्षी त्याच एका सुळक्यावर घरटी करतो, आणि वादळांनी तिथली माती धुऊन चालली होती. तेव्हा वेलिंग्टनच्या पक्षीतज्ज्ञ डॉक्टर फेन्विकने ठरवलं की दरवर्षी काही पिल्लं उचलून आमच्या दक्षिणेकडच्या कड्यावर वाढवायची. अल्बट्रॉस जिथून पहिल्यांदा उडतो तिथेच काही वर्षांनी परततो, हा सगळा हिशेब त्यावर होता. प्लॅस्टिकच्या कुंड्या पालथ्या घालून घरटी केली. मधूनमधून सिमेंटचे मोठे पक्षी रंगवून ठेवले. आणि खांबावर एक स्पीकर लावला, त्यातून सुळक्यावरच्या पक्ष्यांचा कलकलाट दिवसभर चालू. स्पीकर, बॅटऱ्या आणि पिल्लांच्या पाठीवरच्या ट्रान्समीटरचे कॉम्प्युटरवरचे ठिपके, हे माझं काम. पिल्लांना भरवायला बाई हवी होती. रिपेका नुकतीच निवृत्त झालेली, तिनेच हात वर केला.

"ही पोरं तिथून आली आहेत," एवढंच ती म्हणाली. तिथून म्हणजे कुठून, ते मला विचारावं लागलं नाही.

रोज सकाळी ती मासे आणि माकूळ कापून पिल्लांच्या चोचीत सारायची. पिल्लांजवळ बोलायचं नाही असा नियम होता, माणसाच्या आवाजाची सवय लागू नये म्हणून. दिवसभर टोमणे मारणारी ही बाई कड्यावर तोंडात मिठाची गुळणी धरून फिरायची. कुठलं पिल्लू वजनाला उतरलं ते तिला तराजूच्या आधी कळायचं. एप्रिलमध्ये पिल्लं एकेक करून उडाली. दहांच्या पाठीवर ट्रान्समीटर होते. ते ठिपके पेरू देशाच्या किनाऱ्याकडे निघाले, वेडेवाकडे, वाऱ्याच्या मर्जीने, आणि रिपेका रोज संध्याकाळी माझ्या खुर्चीमागे उभी राहून ते बघायची. जुलैत लाल सात नावाच्या पिल्लाचा ठिपका पेरूजवळ थांबला. मग विझला.

"मेलं," मी म्हणालो.

"किती सहज बोलतोस रे," ती म्हणाली, आणि त्या रात्री जेवली नाही.

पाच वर्षं गेली. दरवर्षी पिल्लं गेली, परत एकही आलं नाही. पाचव्या सप्टेंबरात, नेमके पक्षी परतायच्या दिवसांत, खाऱ्या वाऱ्याने स्पीकर खाल्ला. नवा भाग मुख्य भूमीवरून बोटीने यायचा, आणि आमची बोट म्हणजे येईल तेव्हा खरी. फेन्विकने फोनवर सांगून टाकलं, की या मोसमात एकही पक्षी उतरला नाही तर पैसे देणारे हात आखडतील आणि काम बंद होईल.

"आवाजच हवाय ना?" रिपेका म्हणाली. "मी घालते हाक."

माझी बायको मेरेआना भडकली. "आई, ती माणसांसाठी असते. पाखरांना कोण हाक घालतं?"

"पाखरं नाहीत ती. माझ्या हातचं खाऊन गेलेली पोरं आहेत. घरी येतात आणि दारात कुणी नाही, हे बरं दिसतं का?"

दुसऱ्या दिवशी तिने काळे कपडे घातले, डोक्याला हिरव्या पानांचं कडं बांधलं आणि कड्याच्या टोकाला उभी राहिली. मी मेलेल्या स्पीकरखाली उभा होतो, थोडा हसतच. तिने हाक घातली. पाच वर्षं त्या जागेवर एक शब्द न बोललेली बाई, तिचा आवाज सिमेंटच्या पक्ष्यांवरून समुद्रावर गेला आणि वारा पडला. मी योगायोग म्हटलं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि मग ती एकदम थांबली. तिने तोंडावर हात ठेवला.

"काय झालं?"

"त्यांच्या मेलेल्यांना पण बोलावलं मी," ती म्हणाली. "चाळीस वर्षांची सवय. आपोआप तोंडातून गेलं."

"मग?"

"मग काय, मूर्खा. जिवंत कोण ते मला माहीत आहे, मी भरवलंय त्यांना. मेलेले कोण, ते कुठे माहीत आहे? त्या पाण्यात काय फक्त पाखरंच मेली आहेत?"

मी तिला गाडीत बसवलं. वाटेत डाव्या हाताला जिथे जमिनीखालचं पीट, म्हणजे कुजक्या झाडपाल्याचा जळाऊ थर, कित्येक वर्षं धुमसतंय, तिथला धूर सरळ उभा होता.

चौथ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला तर लाल सात पेटला होता. पेरूजवळ, जिथे विझला होता तिथेच.

फेन्विकला कळवलं. तो खूश झाला. मेलेल्या पक्ष्याचं यंत्र किनाऱ्याला लागलं असेल, त्याच्यावर ऊन पडलं असेल, बॅटरी भरली असेल, असं म्हणाला. मलाही ते पटलं. पण आठवड्याने ठिपका खोल समुद्रात होता आणि आमच्या दिशेने येत होता. अल्बट्रॉस कधी सरळ उडत नाही, तो वाऱ्याशी खेळत नागमोडी जातो. हा सरळ येत होता. फेन्विक म्हणाला, कुणाच्या शिडाच्या होडीवर असेल. मी वेग काढला. तासाला साडेपाच किलोमीटर, दिवसा, रात्री, वादळात, कुठेही न थांबता. इतक्या हळू कुठली होडी नऊ हजार किलोमीटर येत नाही. मी वेगाचा आकडा रिपेकाला सांगितला.

"चालतायत," ती म्हणाली आणि चहा ढवळत राहिली.

खरं सांगतो, त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली. माझं शिक्षण, माझे तारा-तुकडे, सगळं एका बाजूला आणि तो ठिपका एका बाजूला. पण मीही हट्टी. ऑक्टोबरच्या शेवटी बोट आली, भाग आला, आणि मी स्पीकर दुरुस्त केला.

"हात लावशील तर बघ," रिपेका म्हणाली. "एका घरातून दोन हाका गेल्या तर पाहुण्यांनी ऐकायचं कुणाचं?"

"फेन्विक रोज विचारतोय. जिवंत पक्षी येताहेत, कड्यावर फेऱ्या मारताहेत, पण उतरत नाहीत. आवाज मिळाला तर उतरतील."

"ते आवाजासाठी नाही थांबलेले. म्हाताऱ्यांच्या आधी पोरं आत जात नाहीत. तुमच्या डनीडिनात जात असतील."

पुढच्या गुरुवारी ती गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली, तेव्हा मी गुपचूप स्पीकर लावला. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. संध्याकाळी ठिपका बघितला. लाल सात भर समुद्रात थांबला होता. शुक्रवारी तिथेच. शनिवारी तिथेच, तसूभर हललेला नाही, खाली चार हजार मीटर पाणी आणि तिथे प्रवाह असूनही. रविवारी सकाळी मी कड्यावर पळत गेलो आणि बॅटरीच्या तारा उपसून काढल्या. दुपारी ठिपका चालू लागला.

त्या रात्री रिपेका ताटावरून मान वर न करता म्हणाली, "लावला होतास ना?"

"कशावरून?"

"तीन दिवस माझा घसा बसला होता."

त्यानंतर मी स्पीकरचं नाव काढलं नाही. फेन्विकला सांगितलं की भाग चुकीचा आला. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं, पण त्याला खरं सांगून त्याने तरी काय केलं असतं? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, त्याची तक्त्यापर्यंत.

रिपेका मात्र नोव्हेंबरभर वाळत चालली. मासे कापताना तिचा हात थांबायचा. एकदा मी फरशी पुसत होतो, तेव्हा ती मागून म्हणाली, "लॅकलन." ती मला नावाने कधी हाक मारत नसे. "कोण येतंय ते नीट न कळता हाक घालायची नसते. चुकीच्याला आत घेतलं तर तो राहतो. आणि बरोबरच्याला चुकून परत पाठवलं तर..."

"तर काय?"

"ते मी एकदा केलंय. दुसऱ्यांदा जमणार नाही मला."

मला तिची दया आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की ही बाई तोंडाने आपल्याला मारते ते दुसरीकडे कुठे मारू शकत नाही म्हणून.

डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी लाल सात सुळक्यापाशी पोचला. पोचला आणि थांबला. स्पीकर बंदच होता, मी दोनदा जाऊन तारा बघून आलो. सकाळभर ठिपका सुळक्याच्या पूर्वेला, जिथे ती होडी बुडाली होती तिथे उभा होता. रिपेका माझ्या खुर्चीमागे होती. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती.

"काय करतंय ते?" मेरेआनाने विचारलं.

"कुणाची तरी वाट बघतंय," रिपेका म्हणाली. "कुणीतरी तयार होतंय."

दुपारी बाराला ठिपका हलला आणि सरळ आमच्या कड्याकडे निघाला. रिपेका वळली आणि काळे कपडे घालायला गेली.

आम्ही तिघं कड्यावर पोचलो तेव्हा पाच वाजले होते, ऊन लख्ख होतं. माझ्या हातात जवळचा सिग्नल पकडणारं यंत्र होतं. ते सिग्नलच्या दिशेला धरलं की टिकटिकतं, आणि सिग्नल जसा जवळ येतो तशी टिकटिक वाढते. मी ते समुद्राकडे धरलं. टिक. बराच वेळाने टिक. वर पाच अल्बट्रॉस फिरत होते, पंख न हलवता. सिमेंटचे पक्षी नेहमीसारखे बसले होते, आणि मला ते त्या दिवशी मान वळवून बसल्यासारखे वाटले.

टिकटिक वाढत गेली. मग कड्याच्या तोंडाशी आली. तिथे साठ मीटर सरळ कातळ आहे, खाली पाणी. टिकटिक कातळ चढून वर आली आणि गवताच्या कडेशी थांबली. मी बघितलं, मेरेआनाने बघितलं. तिथे काहीही नव्हतं. गवत होतं आणि ते वाऱ्याने हलत नव्हतं.

"फाटकाशी आले," रिपेका म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी ओळखला नाही.

"आई, नको," मेरेआना म्हणाली. "कोण आहे माहीत नाही. तूच म्हणालीस."

"माहीत नाही. म्हणून काय पुन्हा उभं ठेवू?"

तिने हाक घातली. ती पक्ष्यांची हाक नव्हती. तिने भावाचं नाव घेतलं. मला त्यांची भाषा मोडकीतोडकी येते, पण एवढं समजलं. तिपेने, माझ्या आईच्या लेकरा, पावसातून ये, बाजूच्या दाराने नको, समोरून ये. एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं सगळं त्यात होतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज जरासुद्धा हलत नव्हता. हाक संपली.

उत्तर आल्याशिवाय पाहुणा आत येत नाही, आणि उत्तर पाहुण्यांमधल्या बाईने द्यायचं. तिपेनेबरोबर कुठली बाई असणार? होडीवर तिघे पुरुष होते. रिपेकाच्या तोंडावर मला ते कळताना दिसलं. तिने सगळं बरोबर केलं होतं आणि तरी तो बाहेरच राहणार होता, कारण पलीकडे त्याच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. ती एक पाऊल पुढे गेली, मग थांबली. यजमानाला फाटक ओलांडून जाता येत नाही.

आणि उत्तर आलं.

गवताच्या कडेवरून आलं, एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात, जरासं फाटलेलं, दम लागलेलं. मी ऐकलं. मेरेआनाने ऐकलं, कारण तिने माझा हात धरला आणि तिची नखं मला लागली. आवाज तिचा होता, जिला मेरेआना दहा-बारा वर्षांची असताना टेकडीवर पुरलं होतं आणि जिच्या थडग्यावर आम्ही दर नाताळला फुलं ठेवत होतो.

"आजी," मेरेआना म्हणाली.

रिपेका उभी होती तिथे हलली. "आई तिकडे नव्हतीच," ती स्वतःशीच म्हणाली. "टेकडीवर नव्हतीच ती. तो बाहेर होता म्हणून तीही त्याच्याबरोबर बाहेर बसली."

मग ती वळली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असतानाच तोंड मात्र तिचं नेहमीचं झालं.

"जावई," ती म्हणाली, "बघतोस काय? बाजूला हो. वाट अडवून उभा आहेस."

मी बाजूला झालो. हातातलं यंत्र एकदम जोरात टिकटिकलं, माझ्या अगदी जवळून, मग ते पाठीमागे वळवावं लागलं, मग सभाघराच्या रस्त्याकडे. रिपेका पुढे चालत होती, पाहुण्यांना वाट दाखवणारी यजमानीण चालते तशी, सावकाश, म्हाताऱ्या माणसाला धाप लागू नये अशा बेताने.